दहाचा पाना

गेल्या महिन्यात आमच्या जुन्या कॅमरीचा डावा फेंडर मी पार्किंगमधल्या काँक्रीटच्या खांबाला अर्पण केला. दोष खांबाचा नव्हता. पॅनेल बीटरने, म्हणजे इथल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याने, साडेबाराशे डॉलर सांगितले. विम्याचा क्लेम करूनही फारसं काही वाचत नव्हतं. तोंड पाडून घरी आलो, तर कुंपणापलीकडून शेजारी म्हणाला, "गार्डच ना? बोल्टवर असतो तो. शनिवारी जाऊ." सत्तरीतला निवृत्त प्लंबर आहे तो. फेंडरला इथे गार्ड म्हणतात. आपल्या मडगार्डचाच भाऊ.

शनिवारी मेलबर्नबाहेर एका भंगार गाड्यांच्या यार्डात गेलो. आपली हत्यारं न्यायची, हवा तो भाग स्वतः खोलायचा आणि काउंटरवर पैसे द्यायचे. पांढऱ्या कॅमरींची तिथे रांगच होती. त्या इथल्याच, टोयोटाच्या अल्टोना कारखान्यातल्या. तो कारखाना ३ ऑक्टोबर २०१७ला बंद झाला, त्याच महिन्यात होल्डनचाही. गाड्या मात्र अजून एकमेकींना अवयवदान करताहेत. ऐंशी डॉलरमध्ये त्याच रंगाचा फेंडर मिळाला.

रविवारी घरासमोर काम सुरू. बंपरची कड, हेडलाइट आणि चाकावरचं प्लास्टिकचं अस्तर सोडवलं की बोल्ट दिसायला लागतात, बहुतेक दहाच्या पान्याचे. एक दाराच्या बिजागरीजवळ लपलेला होता. त्याने माझा अर्धा तास खाल्ला. नवा फेंडर लावताना बोल्ट आधी सैल ठेवायचे आणि दार व बॉनेटशी फट सारखी झाली की मगच आवळायचे. मी पहिलाच गच्च आवळला. सगळं पुन्हा सोडावं लागलं.

आता कबुली. माझी पीएचडी धातूंच्या फटीगवर आहे आणि दहाचा पाना मी छत्तिसाव्या वर्षी पहिल्यांदा हातात धरला. लहानपणी तो आमच्या घरी फक्त धमकीत यायचा: "अभ्यास केला नाहीस तर गॅरेजात पाने धुवायला लागतील!"

इथे साधारणपणे आपण परदेशस्थ मंडळी श्रमप्रतिष्ठेवर प्रवचन सुरू करतो. ते मला पटत नाही. माझा शेजारी काही संत नाही. इथे कारागिराच्या तासाला इतके पैसे पडतात, की माणूस झक मारत स्वतः शिकतो. आणि ज्याच्या तासाला किंमत असते, त्याला कुणी आपोआप अरे-तुरे करत नाही. प्लंबर आणि प्रोफेसर एकाच बार्बेक्यूला दिसतात, त्यामागे संस्कारांपेक्षा मजुरीचा दर जास्त आहे.

दुसरी गोष्ट जास्त टोचणारी आहे. पॅनेल बीटर म्हणजे पत्रा ठोकणारा. पण ठोकायला तास लागतात आणि तास महाग, म्हणून इथे बऱ्याचदा अख्खा फेंडरच बदलतात. मीही तेच केलं: नट सोडले, नट आवळले. पुण्यात बाबांच्या मारुतीचा असाच चेपलेला फेंडर एका डेंटिंगवाल्याने हातोडी आणि डॉलीवर दुपारभरात सरळ केला होता. ठोकताना पत्रा ताणला जातो, कडक होत जातो. जास्त ठोकलं तर फुगतो. कुठे थांबायचं हे बोटांनी ओळखावं लागतं. ज्यावर मी प्रबंध लिहिला, त्यातलं बरंच काही त्या माणसाच्या तळहातात होतं. तो बाबांपेक्षा वयाने मोठा होता आणि आम्ही सगळे, अगदी मी दहावीतला पोरगासुद्धा, त्याला "अरे" म्हणत होतो. वर शंभर रुपयांसाठी घासाघीसही केली होती.

तेव्हा सगळ्यांनी आपापली गाडी खोलावी, असं माझं म्हणणं नाही. खोलणाऱ्याला "अहो" म्हणावं आणि त्याने सांगितलेले पैसे मुकाट द्यावेत, एवढंच. नुसत्या "अहो"ने त्याचं घर चालत नाही, हेही लक्षात ठेवावं.

काम झाल्यावर बाबांना फोटो पाठवला. ते खूश झाले, म्हणाले, "आपल्या त्या डेंटिंगवाल्याला दाखवायला हवं." मी नाव विचारलं. त्यांना आठवेना. मला तर ते कधी माहीतच नव्हतं.