तटरक्षकांचे उसने पंख

२ सप्टेंबर २०२४ च्या रात्री पोरबंदरपासून सुमारे ४५ किलोमीटर दूर, भर समुद्रात 'हरी लीला' या टँकरवर एक खलाशी जखमी होऊन पडला होता. त्याला उचलून आणण्यासाठी तटरक्षक दलाचे 'ध्रुव' जातीचे हेलिकॉप्टर निघाले आणि ते स्वतःच समुद्रात कोसळले. आतल्या चौघांपैकी एक पाणबुड्या वाचला. तिघे गेले, त्यांतील एका वैमानिकाचा देह समुद्राने महिन्याहून अधिक काळाने परत दिला. पुढे चारच महिन्यांनी, ५ जानेवारी २०२५ रोजी, त्याच पोरबंदरच्या विमानतळावर त्याच जातीचे दुसरे हेलिकॉप्टर सरावाच्या उड्डाणात कोसळून जळाले आणि आणखी तिघे कामास आले. त्यानंतर सैन्यदलांची आणि तटरक्षक दलाची मिळून सुमारे ३३० ध्रुव हेलिकॉप्टरे एकदम जमिनीवर बसविण्यात आली. भूदलाची व वायुदलाची काही महिन्यांत पुन्हा उडू लागली. समुद्रावर काम करणारी मात्र त्यानंतरही बसूनच राहिली.

यंत्र म्हटले की ते केव्हातरी बिघडणारच, हे आम्हांला समजते. अपघात झाला म्हणून कोणाच्या नावाने खडे फोडावयाचे, ही आमची रीत नव्हे. परंतु एका जातीची हेलिकॉप्टरे थांबली आणि त्याबरोबर देशाच्या समुद्रावरील संकटविमोचनाचा उजवा हातच बांधला गेला, असे का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर पोरबंदरच्या धावपट्टीवर मिळणार नाही. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

साठ-सत्तरच्या दशकांत आमच्या कोकणपट्टीवर आणि दमणच्या किनाऱ्यावर सोने, घड्याळे आणि परदेशी कापड कसे उतरत असे, हे मुंबईकरांस सांगावयास नको. दुबईहून निघालेल्या गलबतांचा पाठलाग करावयाचा तर कस्टम खात्याजवळ धड बोटी नव्हत्या, आणि युद्धनौकांनी घड्याळांच्या पेट्यांमागे धावावे हे नौदलास मानवण्यासारखे नव्हते. तशात १९७४ साली मुंबईच्या समुद्रात तेल सापडले. त्याच वर्षी सरकारने खुस्रो रुस्तमजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. रुस्तमजी हे आमच्या कामठीत जन्मलेले पोलीस अधिकारी, सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख. जमिनीवरची सीमा राखणाऱ्या या गृहस्थांनी समुद्रासाठी स्वतंत्र दल हवे, असे स्पष्ट सांगितले. १९७६ च्या कायद्याने किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या संपत्तीवर भारताने हक्क सांगितला, १ फेब्रुवारी १९७७ रोजी अंतरिम दल उभे राहिले, आणि ऑगस्ट १९७८ मध्ये संसदेच्या कायद्यानंतर पंतप्रधान मोरारजी देसाई यांच्या हस्ते त्याचे रीतसर उद्घाटन झाले.

या दलाचे भांडवल काय होते? नौदलाने वापरून जुन्या केलेल्या 'कृपाण' आणि 'कुठार' या दोन फ्रिगेट, आणि पाच छोट्या गस्ती नौका. थोरल्या भावाचे आखूड झालेले कपडे धाकट्याच्या अंगात चढवावेत, त्यातलाच हा प्रकार. नव्या संसारात असे चालते, याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार ही की पहिली पाच वर्षे या दलास पंखच नव्हते. १९८२ च्या मे महिन्यात गोव्यात दोन 'चेतक' हेलिकॉप्टरांची पहिली तुकडी उभी राहिली; पुढे इंडियन एअरलाइन्सकडून घेतलेल्या फोकर फ्रेंडशिप विमानांवर काही काळ निभावून नेण्यात आले. कानपूरला बांधलेली डॉर्नियर विमाने घेऊन दमणची तुकडी उडू लागली ती १९८७ साली, म्हणजे दलाच्या जन्मानंतर दहा वर्षांनी.

वाचक म्हणतील, तटरक्षकांस नौका महत्त्वाच्या, विमानांचे एवढे काय? तर २० लाख चौरस किलोमीटरांहून मोठे असे हे आपले राखीव सागरक्षेत्र आहे. ताशी वीस सागरी मैल चालणारी नौका त्यात कोठे कोठे पोहोचणार? डॉर्नियर त्याच्या सुमारे दहापट वेगाने जाते आणि रडारने दूरवरचे पाहते. नौकेने कोणत्या दिशेला जावयाचे हे आधी विमानाने सांगावयाचे असते. १९९९ च्या नोव्हेंबरात चाच्यांनी पळविलेले 'अलोंड्रा रेनबो' हे जपानी मालकीचे जहाज अरबी समुद्रात असेच हेरले गेले. नाव बदलून, ७,००० टन ॲल्युमिनियम पोटात घेऊन ते पळत होते. तटरक्षक दलाच्या डॉर्नियरने त्याला शोधले, 'ताराबाई' या गस्ती नौकेने त्याचा पिच्छा पुरविला आणि शेवटी नौदलाच्या 'प्रहार'च्या मदतीने चाचे पकडले गेले. खटला मुंबईत चालला. कायद्याच्या त्रुटींमुळे ते पुढे उच्च न्यायालयातून सुटले, ही गोष्ट वेगळी.

परंतु डॉर्नियर पाहू शकते, उचलू शकत नाही. बुडत्याला दोर सोडून वर घ्यावयाचे तर हेलिकॉप्टरच हवे. २०२१ च्या मे महिन्यातील तौक्ते वादळात 'गाल कन्स्ट्रक्टर' हा तराफा भरकटत पालघरच्या किनाऱ्यापाशी रुतला. त्यावरचे १३७ जण वाचले ते नौदलाच्या आणि तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरांमुळे. चेतक ही या कामाची जुनी सेवेकरीण. तिचा मूळ फ्रेंच नमुना १९५९ साली प्रथम उडाला. तिला इंजिन एकच. मार्च २०१८ मध्ये मुरूडजवळ नांदगावच्या किनाऱ्यावर असेच एक चेतक तातडीने उतरवावे लागले आणि त्यात जखमी झालेली तरुण सहवैमानिक पुढे दगावली. तिचे नाव आज कितीजणांना आठवते?

चेतकची जागा घेण्यासाठीच ध्रुव आले. दोन इंजिने, रडार, रात्री पाहणारा कॅमेरा. आणि बांधणी आपल्या बंगळूरची. अशी सोळा हेलिकॉप्टरे २०१७ साली मागविली गेली आणि २०२१ पासून दाखल झाली. स्वदेशीचा आम्हांला अभिमानच आहे, आणि म्हणूनच हे लिहावे लागत आहे. मार्च २०२३ मध्ये नौदलाचे ध्रुव मुंबईजवळ पाण्यात उतरवावे लागले, त्याच महिन्यात तटरक्षक दलाचे कोचीला कोसळले. तेव्हा नियंत्रणाच्या दांड्यांचा दोष निघाला आणि ॲल्युमिनियमच्या जागी पोलाद आले. पोरबंदरच्या दुसऱ्या अपघातानंतर स्वॉशप्लेट, म्हणजे पात्यांचा कल बदलणारी तबकडी, तुटल्याचे आढळले. खारी हवा आणि जहाजावर उतरण्याचे हेलकावे भूदलाच्या हेलिकॉप्टरास सोसावे लागत नाहीत. मग समुद्रावरच्या नमुन्याची कसोटी त्याच्या कामास साजेशी झाली होती काय? दोष दर वेळी माणसे गेल्यावरच सापडावा, हा योगायोग आम्हांला पटत नाही.

इकडे कामाचा बोजा वाढतच गेला. १९९३ साली शेखाडीला स्फोटके उतरली, २००८ साली 'कुबेर' नौकेतून मृत्यू मुंबईत आला. त्यानंतर किनाऱ्यालगतच्या सागरी हद्दीच्या सुरक्षेची जबाबदारीही याच दलावर टाकण्यात आली. शोध आणि बचावाचे त्याचे क्षेत्र ४६ लाख चौरस किलोमीटरांचे आहे. आजवर अकरा हजारांहून अधिक जीव या दलाने वाचविले आहेत. सातपाटीच्या वा हर्णैच्या कोळ्याने संकटात १५५४ हा क्रमांक फिरविला की पलीकडून कोणीतरी निघेल, हा विश्वास त्या आकड्यांनी कमावला आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सी-२९५ वर आधारलेल्या सहा टेहळणी विमानांस तटरक्षक दलासाठी तत्त्वतः मंजुरी मिळाली. ती येतील तेव्हा त्यांचे स्वागत करू. पण तीही पाहणारीच. त्यांनी हेलिकॉप्टरांचा प्रश्न सुटत नाही. आमचे म्हणणे संरक्षण मंत्रालयास दोनच गोष्टींपुरते आहे. समुद्रावरील बचावासाठी एकाच जातीवर विसंबू नये. ध्रुव निर्दोष करण्याचे काम चालू ठेवूनच दुसऱ्या जातीचे, समुद्रासाठी घडविलेले हेलिकॉप्टर दलास द्यावे. आणि पोरबंदरच्या दोन्ही अपघातांचे चौकशी अहवाल, लष्करी गुपिते वगळून, संसदेपुढे मांडावेत. जखमी खलाशाला वाचविण्यास निघालेल्या हेलिकॉप्टरात काय बिघडले होते, यात शत्रूपासून लपविण्यासारखे काही असेल असे आम्हांला वाटत नाही.