प्रश्न विचारण्याचे व्याकरण

तास संपताना ‘कोणाला काही विचारायचे आहे काय?’ असे प्राध्यापकाने म्हणावे आणि साऱ्या वर्गाने स्तब्ध बसून राहावे, हा अनुभव आता नवा राहिलेला नाही. मुलांना शंका नसतात असे नव्हे. तासानंतर जिन्यात गाठून तीच मुले मराठीत नेमके विचारतात. वर्गात त्यांना अडवितो तो इंग्रजी प्रश्नवाक्याचा धाक.

वस्तुतः हा धाक अनाठायी आहे. इंग्रजीतील हू, व्हॉट, व्हेअर, व्हेन हे शब्द आणि आपले कोण, काय, कोठे, केव्हा ही एकाच प्राचीन भारोपीय मुळाची अपत्ये होत. भेद आहे तो जागेचा. ‘सरकार काय करते?’ या वाक्यात ‘काय’ हे उत्तराच्याच जागी बसते. इंग्रजीत प्रश्नार्थक शब्द वाक्याच्या आरंभी जातो आणि साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी येते. ते नसल्यास ‘डू’ आणावे लागते: ‘व्हाय डू प्राइसेस राइज?’ मात्र प्रश्नार्थक शब्दच कर्ता असेल, तर काहीच हलत नाही: ‘हू पेज द टॅक्स?’ आणि प्रश्न मोठ्या वाक्याच्या पोटात शिरला की ‘डू’ पुन्हा गळते: ‘एक्स्प्लेन व्हाय प्राइसेस राइज.’ उत्तरपत्रिकांत मला आढळणाऱ्या चुका बहुधा या एवढ्यातच असतात. उलट, आपल्या ‘कितवा’ला इंग्रजीत सुटसुटीत प्रतिशब्दच नाही, तेव्हा न्यूनगंडाचे कारण नाही.

सन २००० पासून राज्यातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. तरीही महाविद्यालयात येणाऱ्या मुलाला पाठ केलेले उत्तर देता येते, स्वतःचा प्रश्न विचारता येत नाही. हे मोजके नियम मराठीशी तुलना करून शिकविले, तर ही कोंडी फुटेल.

अर्थशास्त्राची उभारणीच प्रश्नांवर झाली आहे. काय उत्पादन करावे, कसे करावे आणि कोणासाठी करावे, या तीन प्रश्नांत पॉल सॅम्युएल्सन यांनी १९४८ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात आर्थिक व्यवस्थेचा गाभा मांडला. त्यांतला ‘कोणासाठी’ हा प्रश्न शेतकऱ्याच्या आणि कामगाराच्या मुलानेच विचारावयास हवा. ‘डू’ कोठे घालावे या विवंचनेत त्याने तो गिळून टाकला, तर हानी व्याकरणाची नव्हे, समाजाची होते. म्हणून आम्ही शिक्षकांनी प्रश्न आधी ऐकावा, मग तो कोणत्याही भाषेत असो. आणि नंतर तो इंग्रजीत कसा मांडावा, हे सांगावे. हा क्रम उलटला की वर्ग मुका होतो.