पेटीची खरी परीक्षा स्वयंपाकघरात

शेतात पिकलेली भाजी व फळे आठवड्याच्या ठराविक दिवशी एका पेटीत भरून थेट शहरातील घरी पोहोचविण्याची पद्धत आपल्या शेतकरी बांधवांस आता नवी राहिलेली नाही. राज्य शासनाने २०१६ साली फळे व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त केला, तेव्हा या थेट विक्रीचा मार्ग मोकळा झाला. पुढे मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. शहरांतील बाजार विस्कळीत झाले असता राज्यातील अनेक शेतकरी गटांनी गृहनिर्माण संस्थांच्या दारापर्यंत भाजीच्या पेट्या नेल्या. त्या दिवसांत पेटी मिळणे हेच मोठे होते. आत काय आहे याची फारशी चौकशी कोणी करीत नसे. बाजार पूर्ववत उघडले आणि ही मागणी ओसरली. काही गट टिकले, काही थांबले.

गट का थांबले याची चर्चा होते तेव्हा वाहतूक, भाव व मजुरी यांचा विचार होतो, आणि तो व्हावयासच हवा. परंतु पेटी ग्राहकाच्या घरात गेल्यावर तिचे काय होते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. माझे स्पष्ट मत असे आहे की, पेटीचे भवितव्य शेतात किंवा गाडीत ठरत नसून ते चुलीवर ठरते. जी भाजी शिजली नाही, तिची दुसऱ्या आठवड्यास मागणी येत नाही.

याचे कारण साधे आहे. बाजारात जाताना बेत आधी ठरतो व भाजी मागाहून घेतली जाते. पेटीत भाजी आधी येते व बेत मागाहून ठरवावा लागतो. शिवाय पेटीत एका भाजीची मोठी रास नसते. थोडे थोडे पुष्कळ प्रकारचे असते. चार वांगी, दोन मुळे, मूठभर ओला हरभरा, एक फुलकोबी, मेथीची जुडी, अर्धा किलो गाजर. एकाच भाजीचा अर्धा किलो घेऊन एक वेळचे जेवण करण्याची सवय ज्या घरास जडली आहे, त्या घराला ही पेटी म्हणजे अडचण वाटते. दोन दिवसांनी मेथी पिवळी पडते, चौथ्या दिवशी मुळा मऊ होतो, आणि पैसे वाया गेल्याचे शल्य तेवढे मागे राहते.

वास्तविक पाहता थोडे थोडे पुष्कळ असे शिजविण्याची कला आपल्याकडे जुनीच आहे. संक्रांतीच्या आदल्या दिवशीची भोगीची भाजी घ्या. वांगी, गाजर, ओला हरभरा, पावट्याच्या शेंगा, बोरे असे त्या दिवसांत शेतात जे जे असेल ते एका भांड्यात येते. तिळाचे व शेंगदाण्याचे कूट त्यास मिळून येते, आणि तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीबरोबर ती खाल्ली जाते. ऋषिपंचमीची भाजी याच न्यायाने पावसाळ्यातील पाने, कंद व शेंगा एकत्र आणते. आज आपण जिला हंगामी पेटी म्हणतो, ती या भाज्यांत आधीपासूनच आहे. वर्षातून एक दिवस जे आपण व्रत म्हणून करतो, तेच आठवड्यातून एक दिवस सोय म्हणून केले, तर पेटीतील उरलेसुरले सर्व कामी येईल.

परदेशांतही या पद्धतीचे जाणकार याच निष्कर्षाला आले. जपानमध्ये १९७० नंतरच्या दशकात शेतकरी व शहरी कुटुंबे यांच्यात 'तेइकेई' नावाची थेट पुरवठ्याची चळवळ वाढली. १९७८ मध्ये तेथील सेंद्रिय शेती संघटनेने तिची दहा तत्त्वे ठरविली. त्यांपैकी एक असे की, ठरलेल्या पिकांतून जे येईल ते ग्राहकाने स्वीकारावे व आपला आहार शक्यतो त्यावर बेतावा. मुंबईतही सेंद्रिय शेतकरी व ग्राहक यांच्या संघटनेने 'हरी भरी टोकरी' या नावाने आठवड्याची टोपली घरोघरी देण्याचा उपक्रम केला. शेताप्रमाणे स्वयंपाक बदलण्याची तयारी असल्यावाचून अशी टोपली फार काळ चालत नाही. ही तयारी ग्राहकात आपोआप येत नाही. ती शेतकऱ्याने करून द्यावी लागते.

आता प्रत्यक्ष पेटीकडे वळू. पौष महिन्यात वैजापूर भागातील गटाने भरलेली पेटी समजा. तिच्यात मेथी, कांद्याची पात, कोथिंबीर, वांगी, टोमॅटो, फुलकोबी, गाजर, मुळा, लाल भोपळा, लिंबू व पेरू आहेत. ती शिजविण्याचा क्रम चवीवरून न ठरविता टिकाऊपणावरून ठरवावा. पहिल्या दोन दिवसांत पाने संपवावीत: मेथीची डाळ घालून पातळ भाजी, पातीचा झुणका, मुळ्याच्या पाल्याची मूगडाळ घालून केलेली भाजी. तिसऱ्या व चौथ्या दिवशी वांग्याचे भरीत, टोमॅटोचे सार, फुलकोबीची भाजी करावी. गाजर, मुळा व भोपळा यांस शेवटचे दिवस द्यावेत. भोपळा अखंड असेल तर तो पुढच्या आठवड्यावरही ढकलता येतो. मात्र एकदा कापला की त्याचे भरीत किंवा घारगे लवकर उरकावेत. आठवड्याच्या अखेरीस जे तुकडे उरतील त्यांस आपल्या मराठवाड्यातील येसराची आमटी उत्तम. येसर घरात असले की चार फोडी भाजी व वाटीभर पाण्यावरही जेवण निभावते.

टाकून दिला जाणारा भाग हा पेटीतील फुकटचा नफा होय. मुळ्याचा पाला, फुलकोबीची कोवळी पाने व दांडे, दोडक्याच्या शिरा, कोथिंबिरीच्या काड्या यांची भाजी किंवा चटणी होते हे आपल्या आजींस सांगावे लागत नव्हते. शहरातील नव्या घरास ते सांगावे लागेल. पालेभाजी चिरण्यापूर्वी धुवावी, चिरल्यावर नव्हे. भांड्यावर झाकण ठेवावे. आणि लिंबू जेवतेवेळी पिळावे, कारण क जीवनसत्त्व उष्णतेने नाश पावते व पालेभाजीतील लोह अंगी लागण्यास तेच साहाय्य करते.

हा केवळ चवीचा प्रश्न नव्हे. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत प्रौढ व्यक्तीच्या २००० उष्मांकांच्या आहारात दररोज ४०० ग्रॅम भाजी व १०० ग्रॅम फळे सुचविली आहेत. चार प्रौढ माणसांच्या घरास या हिशेबाने आठवड्यास ११ किलो २०० ग्रॅम भाजी लागेल. पाच-सहा किलोची पेटी म्हणजे गरजेच्या जेमतेम निम्मी. तरीही तीच पेटी 'फार होते' अशी तक्रार आली, तर दोष भाजीच्या वजनात नसून ती शिजविण्याच्या सोयीत आहे असे समजावे.

ही सोय करून देणे गटाच्या हाती आहे. शहरात भाजी नको असते असे नाही. ती निवडावयास वेळ नसतो. दिवसभर नोकरी करून आलेल्या स्त्रीवर, आणि अजूनही हे काम बहुधा तिच्यावरच पडते, मातीसकट मेथीची जुडी सोपविणे म्हणजे तिची आणखी अर्धा तास मजुरी गृहीत धरणे होय. गटाने मुळे कापून, पिवळी पाने काढून, स्वच्छ पण कोरडी जुडी द्यावी. या कामास गावातील बचत गटास रास्त मोबदला द्यावा व तो पेटीच्या किमतीत उघडपणे धरावा. तोडणी पहाटे करावी व माल सावलीत निववावा. विटा व वाळू यांचा शून्य ऊर्जा शीतकक्ष शेतावरच बांधता येतो. त्यास वीज लागत नाही व उन्हाळ्यात आतील हवा बाहेरच्याहून बरीच थंड राहते. पिकलेली फळे पालेभाजीस चिकटून ठेवू नयेत, कारण त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने पाने पिवळी पडतात. गाजर-मुळ्याचा पाला तोडून वेगळा बांधावा, नाहीतर तो कंदातील ओलावा ओढून घेतो. पेटीत एक चिठ्ठी घालावी: कोणती भाजी कोणत्या दिवशी संपवावी, आणि अनोळखी भाजी कशी करावी, एवढेच तीत असावे.

यावर असा आक्षेप येईल की ग्राहकास हवे तेच द्यावे, शिकवीत बसू नये. आक्षेपात तथ्य आहे. म्हणून कांदा, टोमॅटो, मिरची, कोथिंबीर या रोज लागणाऱ्या वस्तू पेटीत कायम असाव्यात व एखादी भाजी बदलून घेण्याची मुभा असावी. परंतु पूर्ण निवड देऊ म्हणणाऱ्या गटास दहा गावांचा माल विकत आणावा लागेल, आणि मग तो शेतकरी न राहता व्यापारी होईल. त्या स्पर्धेत मोठे भांडवलवाले आपल्यापेक्षा वरचढ आहेत. आपले बळ ताजेपणात, हंगामात व तो हंगाम शिजविण्याच्या ज्ञानात आहे.

वैजापूर तालुक्यापुरते बोलावयाचे तर हा विचार तातडीचा आहे. कांदा, मका व कापूस यांच्यावर आपला भार मोठा आहे, आणि कांद्याचा भाव पडला की घरोघर काय होते हे कोणास सांगावयास नको. नांदूर-मधमेश्वर जलद कालव्याखालील शेतात अर्धा एकर मिश्र भाजीपाला घेणे अनेकांस शक्य आहे. जिल्ह्याचे शहर जवळ आहे, आणि जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग ठाणे जिल्ह्यातील आमण्यापर्यंत खुला झाला आहे. रस्ता झाला, परवानगी आहे. उणीव स्वयंपाकघराच्या विचाराची आहे.

यास्तव माझी सूचना अशी की, पेटी सुरू करू इच्छिणाऱ्या प्रत्येक गटाने शहरात पहिली पेटी पाठविण्यापूर्वी तशीच पेटी सभासदांच्या घरी द्यावी. एक आठवडा त्या घरात बाहेरची भाजी येऊ नये. पुढील बैठकीस घरातील स्त्रियांनी यावे व काय संपले, काय सुकले, काय कोणी खाल्ले नाही हे सांगावे. लागवडीचा आराखडा त्यानंतरच करावा. उन्हाळा, पावसाळा व हिवाळा असा प्रत्येक हंगामात हा प्रयोग एकदा केला, तर गटास विक्रीचे शिक्षण मिळेल. आणि उत्तम भाजी शहरास व उरलेली घरास, ही आपल्याकडील रीतही त्या निमित्ताने थोडी मोडेल.