वेदनेचा आकडा आणि प्रश्नपरीक्षा

बोटाला संवेदक लावून नाडीचे तरंग, त्वचेवरील स्वेद व तापमान यांवरून ० ते १०० असा आकडा दाखवणारी यंत्रे आता शस्त्रक्रियागृहांत आली आहेत. पुण्यात विकसित झालेल्या ‘नाडी तरंगिणी’मुळे नाडीचे यंत्रांकन आपल्याला अपरिचित नाही. उद्या वेदनामापकही छत्रपती संभाजीनगरातील चिकित्सालयांत येईल, हे गृहीत धरूनच विचार करावयास हवा.

हे यंत्र वेदना मोजत नाही. वेदनेने शरीरात उठणारा क्षोभ मोजते. संज्ञाहरणाखालील, बोलू न शकणाऱ्या रुग्णासाठी ते निश्चितच उपयुक्त आहे. परंतु तोच क्षोभ भयाने, ज्वराने वा औषधांनीही बदलतो. वेदनाविषयक आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली व्याख्या सुधारताना, वेदना हा सदैव वैयक्तिक अनुभव असून रुग्णाच्या कथनाचा आदर राखावा, असे स्पष्ट केले.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील व्याधितरूपीय अध्याय हाच पेच मांडतो. उत्तम सत्त्वबलाचा गुरुव्याधित रुग्ण लघुव्याधितासारखा दिसतो, तर अल्पसत्त्व लघुव्याधित गंभीर भासतो. केवळ रूप पाहणारा वैद्य चिकित्सेत चुकतो. ऊसतोडीहून परतलेली मराठवाड्यातील स्त्री कंबर धरूनही ‘बरं आहे’ म्हणते. स्वस्थ बसलेली असताना यंत्राचा आकडाही कमीच आला, तर तिचे दुखणे खोटे ठरवावयाचे काय? तिला विचारावे लागते : झोप लागते का? हंडा उचलवतो का? शूल तोदयुक्त की दाहयुक्त? दोषनिश्चितीला आवश्यक असलेले हे भेद कोणताही आकडा सांगत नाही.

म्हणून यंत्र नाकारू नये. त्याला जागा ठरवून द्यावी. प्रत्येक भेटीत रुग्णाने स्वतः सांगितलेला ० ते १० मधील अंक, निद्रा व एखादे नित्याचे काम यांची नोंद रुग्णपत्रकात व्हावी. यंत्राचा आकडा शेजारच्या रकान्यात असावा. दोहोंत अंतर पडल्यास पुन्हा प्रश्नपरीक्षा करावी.

औषधनिर्मात्यांनाही एक विनंती. अभ्यंगानंतर निवांत पडलेल्या रुग्णाचा क्षोभ कोणत्याही तेलाने उतरू शकतो. तो उतरलेला आकडा तैलाच्या गुणाचा पुरावा म्हणून वेष्टनावर छापणे शास्त्राला धरून नाही. तुलनेसाठी दुसरा रुग्णगट नसेल, तर असा दावा करू नये.

रुग्णाचे ऐकणे हे वैद्याचे पहिले कर्तव्य आहे. त्यातून मिळणारी सूट कोणत्याही यंत्रासोबत विकत मिळत नाही.