हिरड्यांच्या आजाराची गाजणारी बातमी आणि दडलेली बातमी

हिरड्यांतील जंतूंमुळे हृदयविकाराचा झटका येतो, स्मृती जाते, बाळ वेळेआधी जन्मते, असे सांगणारी बातमी देशातील माध्यमांत पुनःपुन्हा अवतरते. तिच्या मुळाशी जाऊन पाहिले, तर बहुधा एवढेच हाती लागते: दोन आजार एकाच माणसात अधिक वेळा आढळले. एवढ्या सुतावरून स्वर्ग गाठला जातो आणि ज्या एका संबंधामागे चाचण्यांचे भक्कम पाठबळ आहे, तो मात्र या गोंगाटात बुडून जातो.

हृदयाचेच घ्या. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासून संबंध मान्य केला. परंतु हिरड्यांवर उपचार केल्याने हृदयविकार टळतो, याला पुरावा नाही, असेही बजावले. तंबाखू हिरड्याही पोखरते आणि रक्तवाहिन्याही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतातील २८.६ टक्के प्रौढ तिचे सेवन करतात. (मिसरी, गुल, गुडाखू तर दात स्वच्छ होतात म्हणून हिरड्यांवर चोळले जातात!) अशा देशात दोषाचा वाटा जंतूंचा किती आणि तंबाखूचा किती, हे वेगळे काढल्याशिवाय मथळा देणे म्हणजे वडाची साल पिंपळाला लावणे होय.

गर्भवतींबाबत तर थेट प्रयोगच झाला. अमेरिकेतील ८२३ स्त्रियांच्या चाचणीचे निष्कर्ष २००६ मध्ये आले: उपचारांनी हिरड्या सुधारल्या, अकाली प्रसूतींचे प्रमाण घटले नाही. अल्झायमरग्रस्तांच्या मेंदूत हिरड्यांतील जंतूचे अंश सापडल्याचे २०१९ मध्ये गाजले. त्या जंतूच्या विकरांना रोखणारे औषध २०२१ मध्ये चाचणीच्या मुख्य कसोट्यांवर अपयशी ठरले. त्या अपयशाचा मथळा किती जणांनी वाचला?

अतिउत्साहाची किंमत इतिहासाने एकदा मोजलेली आहे. विल्यम हंटर या ब्रिटिश वैद्याने १९१० मध्ये माँट्रियल येथील व्याख्यानात मुखातील पुवाला अनेक व्याधींचे मूळ ठरवले. त्यानंतरच्या लाटेत निरोगी दातही उपटले गेले. ट्रेंटनच्या मनोरुग्णालयात हेन्री कॉटन यांनी वेड बरे करण्यासाठी दात, टॉन्सिल, अखेर आतड्याचे भागही कापून काढले. कित्येक रुग्ण त्यात दगावले.

आता दडलेली बातमी. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली, की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी दुबळ्या होतात आणि हिरड्यांतील दाह शमत नाही. दातांना धरून ठेवणारे हाड झिजते. उलट दिशेने, त्या दाहातून निर्माण होणारी रसायने रक्तात उतरून इन्सुलिनच्या कार्यात अडथळा आणतात. हे दुष्टचक्र तोडता येते का? कॉक्रेनच्या २०२२ च्या आढाव्यात मधुमेहींवरील ३५ चाचण्या आणि ३,२४९ रुग्ण होते. हिरड्यांच्या उपचारांनंतर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी, म्हणजे साखरेची सुमारे तीन महिन्यांची पातळी सांगणारा आकडा, सरासरी ०.४३ टक्केबिंदूंनी उतरला. याविरुद्ध २०१३ ची ५१४ रुग्णांची चाचणी पुढे केली जाते. तिच्यात साखर हलली नाही, हे खरे. पण तिच्यात हिरड्यांचा दाहच पुरेसा आटोक्यात आला नव्हता, हा आक्षेप दुर्लक्षून चालणार नाही. घट माफक आहे, औषधांना पर्याय मुळीच नाही. तरीही ती केवळ सहसंबंधाची नव्हे, उपचाराची फलश्रुती आहे.

आयसीएमआर-इंडियाबच्या २०२३ च्या अंदाजानुसार भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. मधुमेहाच्या तपासणीत डोळे, मूत्रपिंडे, पाय यांना स्थान आहे. तोंड मात्र बहुधा उघडायलाही सांगितले जात नाही. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने दातांची परिषद वेगळी केली, महाविद्यालये वेगळी झाली आणि जणू रुग्णाचे डोकेही धडावेगळे झाले. आयुष्मान भारतचे विमासंरक्षण प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी. हिरड्यांची सफाई तर खुर्चीत बसून होते आणि तिचा खर्च रुग्णाच्या खिशातून जातो.

या विसंगतीबद्दल आरोग्य मंत्रालयाला जाब विचारण्याऐवजी माध्यमे घासलेल्या दातांत स्मृतिभ्रंशाचा उतारा शोधत बसतात. दरम्यान साखर तपासायला आलेल्या मधुमेह्याला, ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येते का, हा फुकटचा प्रश्नही कोणी विचारत नाही.