कागद आपला, भाषा कोणाची?



८ मार्चला आपण गावोगाव मोर्चे काढतो. १९ मे मात्र आपल्याकडे कोणाच्या लक्षात नसतो. १९ मे १९६१ रोजी आसाममधल्या सिल्चरच्या रेल्वे स्टेशनवर बंगाली भाषेसाठी सत्याग्रह करणाऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. ११ जण गेले. त्यांत कमला भट्टाचार्य होती. वय १६, नुकतीच मॅट्रिकची परीक्षा दिलेली. आसाम सरकारने १९६० साली असमिया ही राज्यभाषा ठरवली होती आणि आमच्या कचेऱ्यांत आमची भाषा चालली पाहिजे, एवढेच बराक खोऱ्यातल्या लोकांचे म्हणणे होते. गोळीबारानंतर काछाड जिल्ह्यापुरती बंगालीला मान्यता मिळाली.

त्याआधी ९ वर्षांपूर्वी ढाक्यात हेच झाले होते. पाकिस्तानात निम्म्याहून जास्त लोक बंगाली बोलणारे, आणि १९४८ साली जिनांनी ढाक्यात येऊन बजावले की राज्यभाषा उर्दूच राहील. २१ फेब्रुवारी १९५२ ला जमावबंदी मोडून विद्यार्थी बाहेर पडले, त्यांत मुलीही होत्या. गोळ्या चालल्या. शेवटी १९५६ च्या घटनेत बंगालीला राज्यभाषा म्हणून जागा द्यावीच लागली.

हे सारे मी दर्यापूरच्या बैठकीत सांगत होते, तर एक कार्यकर्ती म्हणाली, "ताई, आपल्याले त मराठी भेटलीच हाय. मंग आपलं भांडण कायचं?"

प्रश्न रास्त आहे. वऱ्हाड जुन्या मध्य प्रदेशात होते तेव्हाच, १९५० साली, हिंदीबरोबर मराठीला कायद्याने मान मिळाला. १९६० साली महाराष्ट्र झाला, १९६४ चा राजभाषा अधिनियम आला. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठी अभिजातही झाली. आपल्याला कोणी भाषेपायी गोळी घालत नाही. पण भाषेला राज्य मिळाले म्हणजे बाईला तिचा कागद कळला, असे होत नाही. आपले भांडण तिथे आहे.

आपल्या गटातल्या एका बाईचा पोटगीचा निकाल मी पाहिला. कोणत्या कोर्टाचा ते महत्त्वाचे नाही, असे कागद अनेकींच्या पिशवीत आहेत. आठ पाने, सगळी इंग्रजीत. किती रक्कम, कोणत्या तारखेपासून, थकबाकी धरली की नाही, हे तिला वकिलाने सांगितले तेवढेच ठाऊक. ती मला म्हणाली, "हा कागद मायाच हाय ना? मंग मले काहून समजत नाही?"

कायदा काय म्हणतो ते पाहू. जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी, अशी अधिसूचना राज्य शासनाने १९९८ साली काढली. उच्च न्यायालयाने २००५ साली परिपत्रक काढून निम्मे तरी निकाल मराठीत द्या, असे खालच्या न्यायालयांना कळवले. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २४ प्रमाणे आदेशाची प्रत बाईला फुकट मिळते. ती कोणत्या भाषेत, याबद्दल त्या कलमात एक शब्द नाही. फौजदारी खटल्यात आरोपीला मात्र निकालाचे भाषांतर त्याच्या भाषेत किंवा न्यायालयाच्या भाषेत मागता येते. मार खाणारीला अशी सोय लिहून ठेवलेली नाही. आरोपीचा हक्क काढून घ्या असे मी म्हणत नाही, तो असलाच पाहिजे. तोच हक्क फिर्यादी बाईला का नाही, एवढेच विचारते.

आणि कागद मराठीत असला तरी? आपली बाई ठाण्यात सांगते, "उपाशी ठेवलं, कोठ्यात ढोराजवळ निजवलं, पोरीले माह्यापासून तोडलं." लिहिले जाते, "शारीरिक व मानसिक छळ केला." शंभर बायकांच्या फिर्यादी, आणि वाक्य एकच. वर्ष-दोन वर्षांनी उलटतपासणीत वकील विचारतो, कोठ्याची गोष्ट तुम्ही पोलिसांना सांगितलीच नव्हती ना? ती सांगितली होती. लिहिणाऱ्याला ती भाषा गावंढळ वाटली म्हणून गळाली. त्या एका वाक्यापायी बाई खोटी ठरते. गाडगेबाबांनी वऱ्हाडी बोलीत कीर्तने केली तेव्हा ती कोणाला हलकी वाटली नाही. बाईच्या तोंडी आली की ती अशुद्ध होते! फिर्याद वाचून दाखवणे आणि तिची प्रत फुकट देणे पोलिसांवर बंधनकारक आहे. वाचून दाखवताना "माझे शब्द घाला" असे म्हणायची सवय आपण बायकांना लावली पाहिजे. सोबत जाणाऱ्या कार्यकर्तीने तर ते म्हटलेच पाहिजे.

एक धोका मात्र ओळखून असावे. भाषेचे नाव घेऊन शेजारणीवर काठी उगारणारे लगेच पुढे सरसावतात. शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या पातूरला नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीच्या जोडीला उर्दू आहे म्हणून वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने सांगितले की मराठीसोबत उर्दू लिहिण्यास कायद्याची मनाई नाही, आणि भाषा म्हणजे धर्म नव्हे. ढाक्यात उर्दू लादणाऱ्यांची भाषा होती, पातूरला ती आपल्या मोहल्ल्यातल्या बायकांची वाचायची भाषा आहे. लादणे वाईट, भाषा नव्हे. आणि मेळघाटातल्या कोरकू बाईपुढे आपली मराठी जेव्हा साहेबाची भाषा होऊन उभी राहते, तेव्हा आपणही लादणाऱ्यांच्याच रांगेत असतो. तिच्यासाठी दुभाषी मागणे हे याच लढ्यातले काम आहे.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गटाने आपल्याकडच्या पाच कागदांच्या झेरॉक्स आणाव्यात : निकाल, आदेश, फिर्याद, जे असेल ते. बायकांची नावे झाकावीत. कागदाच्या मागे त्या बाईने काय सांगितले होते ते तिच्याच बोलीत लिहावे, शुद्ध करू नये. ही चळत घेऊन आपण जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाणार आहोत.