निम्मी मिळकत हप्त्यात, मग दवाखान्याला काय?

मायक्रोफायनान्सच्या कर्जदार कुटुंबाचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या मिळकतीच्या निम्म्यावर जाऊ नयेत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२२ पासून आहे. म्हणजे १६ हजार कमावणाऱ्या घराने ८ हजार हप्ता भरला तरी ते नियमात बसते. उरलेल्या ८ हजारांत भाडे, किराणा, शाळा. त्यात सासऱ्यांचा पाय मोडला की दुसऱ्या कंपनीचे कर्ज, आणि त्यातूनच पहिलीचा हप्ता. वस्तीतल्या भगिनींच्या कर्जकार्डांवर आम्हाला हेच दिसते. तरी ‘उधळपट्टी करतात’ हे बोल आपल्याच विहारांत ऐकू येतात!

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी मिळकतीचे चार भाग सांगितले: एक उपभोगाला, दोन व्यवसायाला, चौथा संकटासाठी. हा चौथा भाग आज सावकाराकडे जातो. म्हणून महिला मंडळांना आमचे सांगणे आहे की कर्ज फेडण्याच्या घाईत हात रिकामा करू नका. शंभर-दोनशे का होईना, आधी आजारपणासाठी बाजूला काढा. त्यातून जास्त उरले तर कर्ज मुदतीआधी फेडा. मायक्रोफायनान्सच्या कर्जावर त्याचा दंड लागत नाही. आणि वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी, संध्याकाळी ६ नंतर फोन करायलाही मनाई आहे. पुढच्या रविवारी वंदनेनंतर हे मोठ्याने वाचून दाखवा.